कडेच्या घराची किल्ली

सन्माननीय अध्यक्ष बालाजीराव, व्यासपीठावर बसलेले आणि बसून बसून अवघडलेले सर्व मान्यवर, आजच्या भोजनाचा भार ज्यांनी आपणहून उचलला ते गुरुमूर्ती सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो ते आमचे शेषगिरीअण्णा, त्यांचे चिरंजीव गिरीधरदादा, आवडी गावच्या कारखान्यातले अण्णांचे जुने सोबती, कल्लु लाइनीतल्या नऊही घरांची माणसं, आणि मागच्या दाराशी उभं राहून स्वयंपाकघराकडे कान लावलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपणा सर्वांना नमस्कार.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या आधीच्या वक्त्यांनाही पाचच दिली होती, हे मी तक्रार म्हणून नाही, स्वतःला धीर म्हणून सांगतो. मी वक्ता नाही. माझं शिक्षण म्हणजे पॉलिटेक्निकची दीड वर्षं, त्यातलंही बरंचसं कॅन्टीनमध्ये. तरी मला इथं उभं केलं, कारण बालाजीरावांचं म्हणणं असं पडलं, की "आमच्या घरांत मराठी बोलतात सगळे, पण लिहायला बसले की तमिळ होतें. तूं तिकडचा. तूं लिहून आण." म्हणून लिहून आणलंय. लिहिलेलं तसंच वाचीन याची मात्र खात्री नाही. रस्त्यावर चालतानासुद्धा मला सरळ जाता येत नाही, एखादी गल्ली दिसली की वळतोच.

आणखी एक काम आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कोणी दचकणार नाही. माझ्या खिशात अण्णांच्या घराची किल्ली आहे. जुनी, लोखंडी, खिसा खाली ओढणारी. अण्णा आज संध्याकाळी गिरीधरदादांबरोबर पुण्याला निघतायत आणि घर रिकामं होतंय. त्यात मी राहावं म्हणून अण्णांनी मागच्या आठवड्यात ही माझ्या हातात ठेवली. मी नाही म्हणालो नाही, हो पण म्हणालो नाही. आज रात्रीच्या गाडीनं मी विशाखापट्टणमला चाललोय. बॅग बाहेर चपलांच्या फळीखाली आहे. तेव्हा भाषण संपलं की ही किल्ली मी सर्वांसमक्ष अण्णांना परत देणार आहे. तुळजाक्का, तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, मला पुढची ओळ दिसत नाही.

तर, कल्लु लाइन. आवडीहून आलेल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी ती पाहिलेली नसेल. परंगीमलै स्टेशनला उतरून पुलाखालून गेलं, की भाजीवाल्यांच्या पाठीमागं नऊ घरांची एक ओळ लागते. कल्लु म्हणजे दगड, एवढं तमिळ मला पहिल्या दिवशीच आलं, कारण तिथं दगडाशिवाय दुसरं काही नव्हतंच. जवळच्या खाणीतला काळसर निळा दगड, चुन्यात बसवलेला. पुढून घडीव, मागून ओबडधोबड. म्हणजे बांधणाराही आपल्यातलाच असणार: पाहुण्यांसमोर इस्त्रीचा शर्ट, आत फाटका बनियन. एकोणिसाव्या शतकात कधीतरी रेल्वेच्या आणि छावणीच्या कारकुनांसाठी ही घरं बांधली. पुढं ओटा, मग एक खोली, मग दुसरी, मग स्वयंपाकघर, मग परसू, आणि परसात सगळ्यांची मिळून एक विहीर. वर सागवानी तुळया, तुळयांवर विटा, विटांवर गुळाच्या आणि हिरड्याच्या पाण्यात कालवून थापलेला चुना. नऊ घरांवर एकच लांब गच्ची. आणि दोन घरांच्या मध्ये एकच भिंत. दोन भिंती नव्हेत, एक. अर्धी यांची, अर्धी त्यांची, आणि अर्धं कुठं संपतं ते आजवर कोणी विचारलेलं नाही.

कुणाला वाटेल, यात एवढं काय? राजवाडा आहे का? नाही. कोरीव खांब आहेत? एकही नाही. ते मलाही वाटलं होतं.

मी तिथं आलो तो चुकून. अंबत्तूरला एका कंपनीत खोके चिकटवायचं काम करत होतो. ते सोडलं. का सोडलं ते विचारू नका, कंपनीचा काही दोष नव्हता. रामेश्वरला जावं असं मनात होतं. त्या आधी एक-दोन रात्री कुठं काढाव्यात म्हणून हिंडत असताना या गल्लीत वळलो, आणि एका ओट्यावरून आवाज आला, "ए मांजरा, पोदुम, पुरे की आतां! दूध सरलें!" तीन महिने मी मराठीचा शब्द ऐकला नव्हता. आणि मांजराला मिळत होती! मी थांबलो. अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"कोण वो तुम्ही?"

"मी सांगलीचा. मराठी ऐकलं म्हणून थांबलो."

"सांगली कोठें आलें? पुण्यापाशीं?"

"नाही, जरा लांब."

"आम्हांला सगळेंच लांब. किती दिवस असणार?"

"दोन-चार दिवस."

अण्णा हसले. म्हणाले, "आम्हीही एकोजीराजांच्या मागें दोन-चार दिवसांसाठींच आलों होतों."

याला आता तीन वर्षं झाली. रामेश्वर मी अजून पाहिलेलं नाही. तसं ते फार लांब नाही, मदुरैवरून… पण असो. घड्याळ दाखवू नका बालाजीराव, मी वळलो परत.

अण्णांनी मला पुढच्या खोलीत ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट टांगायला मला खिळा मारायचा होता. मी हातोडी उचलली आणि अण्णांनी माझं मनगट धरलं. म्हातारा माणूस, पण पकड अशी, की आवडीचं पोलाद म्हणजे काय ते कळलं.

"विचारलेंस?"

"कुणाला?"

"पलीकडे!"

मग त्यांनी बोटं वळवून भिंतीवर तीन वेळा वाजवलं. आम्ही दोघं उभे. मला वाटलं, म्हातारबुवांचं काहीतरी बिनसलंय. जरा वेळानं दगडातून एक टकटक आली. एकच. "आतां मार," अण्णा म्हणाले.

लाइनीतल्या मंडळींना यात नवल नाही, पण पाहुण्यांसाठी सांगतो. भिंत एक असल्यामुळे इकडं घाव घातला की तिकडं फळीवरचं खाली येतं. म्हणून लाइनीत जुना नेम आहे. खिळा असो, खुंटी असो, आधी तीन टकटक करून विचारायचं. पलीकडून एक आली तर मारा. दोन आल्या तर थांबा: बाळ झोपलंय, दिवा लागलाय, कोणी आजारी आहे, काहीही असेल, कारण विचारायचं नाही. ज्यानं थांबा म्हटलं त्यानंच नंतर एक वाजवून मोकळं करायचं. आणि काहीच आलं नाही तर घरात कोणी नाही असं समजायचं, आणि माणूस नसलेल्या घराच्या भिंतीवर घाव घालायचा नाही. कोणी सुरू केलं, ठाऊक नाही. ब्राह्मण, मुदलियार, एक अँग्लो-इंडियन गार्ड, नऊ घरांत शंभर तऱ्हा झाल्या, पण हा नेम कोणी मोडला नाही.

खिळा मारून मी सहज शेजारी डोकावलो. तुळजाक्का फळीखाली उभ्या होत्या. एका हातात देवापुढचा दिवा, कमरेवर लोणच्याची बरणी. "झालें का रे?" म्हणाल्या. झालं म्हटल्यावर दोन्ही जागेवर ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसल्या. माझ्या शर्टासाठी त्या बाई दिवा धरून उभ्या होत्या, आणि मला ओळखतही नव्हत्या. शर्टसुद्धा काही फार चांगला नव्हता.

आता मी त्या गोष्टीकडे येतो जी सगळ्यांना माहीत आहे आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रंगाची गोष्ट.

त्याच वर्षी लाइन पाडून उंच इमारत उठवायची बोलणी सुरू झाली. लाइनीतली काही घरं तयार होती, काही नव्हती. बालाजीरावांनी मार्ग सुचवला, की वारसा समितीकडं अर्ज करा. एकदा यादीत नाव चढलं की कोणी हात लावू शकणार नाही. अर्ज गेला. कितीतरी महिन्यांनी उत्तर आलं, की समितीची माणसं पाहणीला येतायत.

आता सांगा, पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर आवरतो. आणि अण्णा तर जन्मभर अशा कारखान्यात होते जिथं साहेब येणार म्हटलं की हलत नाही त्या प्रत्येक वस्तूला रंग लागतो. आवडीची मंडळी हसतायत, म्हणजे खरं आहे. अण्णांनी गच्चीवर सभा घेतली. "लाज जाऊं नये," म्हणाले. "दिल्लीपर्यंत नांव जायचें आहे." सगळ्यांनी हात लावला. दगडावर सिमेंटचा गिलावा झाला. गिलाव्यावर चकचकीत ऑइलपेंट. अण्णांचं घर पिकल्या आंब्याचं, तुळजाक्कांचं गुलाबी, पुढचं पोपटी. ओट्यांना बाथरूमच्या टाइल्स, त्यावर निळे मासे. कामाच्या आधी प्रत्येकानं पलीकडे तीन वेळा वाजवून रीतसर विचारलं, आणि प्रत्येकाला एक टकटक रीतसर मिळाली. नऊ घरांत एकानंही थांबा म्हटलं नाही.

पाहणीच्या दिवशी दारोदारी रांगोळीचे कोलम काढले. समितीचे तिघं आले. त्यातल्या नंदिता मॅडम वास्तुशास्त्रातल्या. गाडीतून उतरल्या आणि गल्लीच्या दोन्ही टोकांकडं बघायला लागल्या. मग अर्जातला फोटो काढून बघितला. अण्णा पुढं झाले, शाल घेऊन.

"सर, दगडी घरं कुठं आहेत?"

"हींच, मॅडम."

"पण दगड?"

"आंत आहे," तुळजाक्का मागून म्हणाल्या. "वरून छान केलें."

नंदिता मॅडमनी हात लावून पाहिला. फोटो परत फायलीत ठेवला. त्यांच्याबरोबरच्या एका गृहस्थांनी विचारलं, इथं कोणी मोठं माणूस राहून गेलंय का? अण्णांनी खूप आठवलं. गार्ड होता, कंपाउंडर होता, तारखात्यातला एक होता, मुरुक्कू तळून विकणाऱ्या एक बाई होत्या. "मोठें असें कोणी नाहीं," अण्णा म्हणाले. "सगळे कामावर जाणारे." त्या गृहस्थांनी मान हलवली आणि ते गाडीत जाऊन बसले.

नंदिता मॅडम मात्र निळ्या माशांवर टेकल्या. कॉफी घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, की सर, चुन्यातली भिंत ओली होते आणि वाळते, तेच तिचं आयुष्य. तुम्ही तिला रेनकोट घातलात, पण पाणी काही वरूनच येत नाही, जमिनीतूनही चढतं. आत्ता जे आहे ते मी यादीत नाही घालू शकत. मग जाताना कडेच्या घराकडं, म्हणजे अण्णांच्या घराकडं, बघत म्हणाल्या, "निदान हे टोक सांभाळा. सगळी ओळ याच्यावर रेललीय." मी बराच हिंडलोय, त्यामुळं मला ते लगेच समजलं. रात्रभराच्या बसमध्ये मागच्या बाकावर अनोळखी माणसं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली असतात. कडेचा उतरला की बाकीचे जागे होत नाहीत, कलंडतात.

त्यानंतरच्या ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात भिंती आतून घामेजल्या. तुळजाक्कांच्या स्वयंपाकघरात हळदीला बुरशी आली. पाऊस संपला त्या सकाळी मला ठकठक ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर अण्णा छिन्नी-हातोडी घेऊन स्वतःच्या आंबा रंगाच्या भिंतीसमोर स्टुलावर बसलेले. मी म्हटलं, अण्णा, हे काय? म्हणाले, "मीच लाविलें, मीच काढतों. सुम्मा गप बस, नाहींतर दुसरी छिन्नी घे."

लोकांना वाटतं, वारसा वाचवणं म्हणजे घोषणा, बॅनर, टीव्हीवाले. मी तुम्हाला सांगतो, वाचवणं म्हणजे डोळ्यांत सिमेंटची धूळ. दगडाला न दुखवता गिलावा सोडवायचा तर एका सकाळी हाताएवढी जागा मोकळी होते. पहिल्या उन्हाळ्यात सगळे आले. दुसऱ्या उन्हाळ्यात निम्मे. मग रविवार सकाळी अण्णा, तुळजाक्का, आणि मी. तुळजाक्का छिन्नी धरत नसत. खाली बसून पडलेल्या टाइल्सवरचे निळे मासे अख्खे असतील ते वेचून ठेवत. "तुळसीच्या वृंदावनाला लावीन," म्हणायच्या. लावले पण आहेत. दिसायला भयंकर आहेत.

आणि एक दिवस दगड पुरा उघडा झाला. आम्ही परत अर्ज केला. समिती बदलली होती. नंदिता मॅडम दुसऱ्या गावी गेल्या होत्या. नव्या माणसांनी जुनाच शेरा वाचला. कितीदा गेलो, किती बाकांवर बसलो, ते आता आठवतही नाही. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. तेव्हा आज परिस्थिती अशी आहे, की दगड झाकलेला होता तेव्हा बघायला माणसं आली, आणि आता तो उघडा आहे तर कोणी येत नाही. अण्णा थकले. खरं म्हणजे सगळेच थकलो. मी तर थकायच्या आधीच निघून जाणारा माणूस. इतकं थकायची मला सवय नव्हती.

अण्णांचे गुडघे गेल्या पावसात संपले. गिरीधरदादा पुण्याहून आले. दादा, तुमच्याबद्दल आता जे सांगतो त्याबद्दल आधीच क्षमा मागतो, पण ते इथल्या कितीतरी जणांना माहीत नाही.

अण्णांना नेल्यावर या घराचं काय, हा प्रश्न होताच. दादांना दोष द्यायला मी उभा नाही. पुण्यात राहून परंगीमलैची गच्ची कोण थापणार? घर विकण्याबद्दल बिल्डर गुरुमूर्ती सरांशी बोलणं झालं. मागच्या आठवड्यात त्यांचा माणूस मशीन घेऊन आला. भिंत किती जाड आहे, आत काय आहे, ते बघायला भोक पाडायचं होतं. तुळजाक्कांच्या बाजूच्या भिंतीला. अण्णा ओट्यावर पाठ करून बसले होते. दादा बुटांसकट आत आले, फोनवर कुणाशी तरी इंग्रजीत बोलत. त्या माणसानं मशीन भिंतीला टेकवलं, बटणावर बोट ठेवलं.

आणि दादांनी फोन कानावर तसाच ठेवून, त्याला हातानं थांबवलं, आणि बोटं वळवून भिंतीवर तीन वेळा वाजवलं.

बघा. पंधरा-वीस वर्षं गाव सोडलेला माणूस. त्यांचं लक्षही नव्हतं. तोंड फोनवर बोलत होतं आणि हात विचारत होता.

पलीकडून उत्तर आलं. एक आली. मग दुसरी.

दादांनी फोन खाली घेतला. मशीनवाला तमिळमध्ये विचारतोय, "सर, चालू करू?" दादा म्हणाले, "थांबायला सांगितलंय."

"कोणी?"

दादांनी भिंतीकडं बोट दाखवलं नुसतं. त्या माणसानं भिंतीकडं बघितलं, दादांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मशीनची वायर गुंडाळायला लागला. हे घर झपाटलेलं आहे असं त्यानं गुरुमूर्ती सरांना कळवल्याचं मागाहून समजलं.

नंतर दादा तुळजाक्कांकडं गेले. मी पण गेलो, मला राहवतं कुठं. "अक्का, कधी मोकळं करणार?" दादांनी विचारलं.

"काय रे?"

"तुम्ही दोन वाजवल्यात. आता एक कधी?"

"होय की," अक्का म्हणाल्या. "एक वाजवायची राहिली. आतांशी मी विसरतें रे गिरी. आठवेल तेव्हां वाजवीन. कॉफी घेतोस?"

दादांनी कॉफी घेतली. बराच वेळ ओट्यावर अण्णांच्या शेजारी बसले. कागदावर सही झालेली नाही, एवढं मला माहीत आहे. तुळजाक्कांना अजून आठवलेलं नाही, हेही.

गुरुमूर्ती सर हसतायत. म्हणजे शेजारचे त्यांना तमिळमध्ये सांगतायत तर. सर, तुमच्यावर कोणाचा राग नाही. एवढं होऊनही आजचं जेवण तुम्ही दिलंत. तुम्ही स्वतःही अशाच एका लाइनीत वाढलात, ते तुम्हीच मला, मशीन परत गेलं त्या संध्याकाळी, चहाच्या टपरीवर सांगितलंत. आणि वर म्हणालात, "तंबी, घर वाचवायला सगळे येतात. त्यात राहायला कोणी येत नाही. रिकाम्या घराला मी नाही पाडलं तरी पिंपळ पाडतो." मी चहाचे पैसे दिले एवढंच.

त्याच रात्री अण्णांनी किल्ली दिली. एवढंच म्हणाले, "दोन-चार दिवस बघ." त्यांना माझी बोलायची रीत पाठ झालीय.

आता मी खरं सांगतो. मी घर सांभाळणारा माणूस नाही. मला एक रोपटं सांभाळता आलेलं नाही. आठ घरांना टेकू म्हणून उभं राहायचं, दर ऐप्पसीच्या आधी चुना कालवायचा, समितीच्या बाकावर बसायचं, पुढचा महिना ऐकायचा. अण्णांसारख्या माणसाला त्यानं दमवलं. मी कोण? म्हणून मी तिकीट काढलं. आणि कागदावर शेवटचा परिच्छेद लिहिला. तो असा आहे: "आदरणीय अण्णा, आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल मी ऋणी आहे. तथापि…"

तथापि हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलाय. बालाजीरावांनी सुचवला.

आज सकाळी निघताना तुळजाक्का कोलम काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, आजच्या समारंभाचा एक फोटो त्यांना भिंतीला लावायचाय. अण्णा आतून ओरडले, "माझा फोटो लावूं नको ग, लोक हार घालतील!" अक्का म्हणाल्या, "सगळ्यांचा लावतें. तुम्ही कोपऱ्यांत." मग माझ्याकडं वळून, अगदी साधं विचारलं, मीठ आहे का विचारावं तसं: "आतां पलीकडून कोण वाजवणार रे?"

मी बॅग उचलली. इथं यायला स्टेशनची वाट धरली. पण गाडीत बसल्यावर सारखं तेच येत राहिलं, की पलीकडे कोणी नसलं, तर नेमाप्रमाणं अक्कांना त्या भिंतीत खिळा मारता येणार नाही. आज नाही, दिवाळीला नाही, कधीच नाही. त्या तीनदा वाजवतील. वाट बघतील. मग हातोडी खाली ठेवतील. लाइन पडेल न पडेल ते पुढचं. पण बाई फोटो हातात घेऊन उभ्या आहेत आणि दगड गप्प आहे, एवढं काही मला बघवत नाही. विशाखापट्टणमला बसूनही ते दिसेल. गाव चांगलं आहे म्हणतात, समुद्र आहे… समुद्र इथंही आहे.

तेव्हा शेवटचा परिच्छेद मी वाचत नाही. अण्णा, हात पुढं करू नका, किल्ली खिशातच बरी आहे. दोन-चार दिवस बघतो.

समितीनं यादीत घ्यावं न घ्यावं. दादांनी सही करावी न करावी, तो त्यांचा हक्क आहे. फक्त करण्याआधी तीनदा वाजवा, पलीकडे आणि अलीकडे, दोन्हीकडे माणूस असेल. अण्णा, पुण्याच्या फ्लॅटमध्ये भिंती पातळ असतात. तिथं कोणी न विचारता खिळा मारला तर रागावू नका. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

अध्यक्ष महाराज, आपण दिलेली मिनिटं मी केव्हाच संपवली. तरी आपण मला बसवलं नाहीत, त्याबद्दल आपला, या सभागृहाचा, पंखा माझ्या बाजूला वळवणाऱ्या मावशींचा आणि उपाशीपोटी ऐकणाऱ्या सर्वांचा मी आभारी आहे. बोलताना कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, मोठ्यांपुढं तोंड जास्त चाललं असेल, तर पोर समजून पोटात घाला. माझ्या वाट्याचं पान कोणीतरी बांधून आणा. मला आत्ताच परंगीमलैची गाडी धरायची आहे, घर झाडायचंय.

तुळजाक्का, तुम्ही सावकाश जेवून या. फोटो आला की वाजवा. मी पलीकडे आहे.